बांधकामात धरा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सरकारी कार्यालयांवर त्याहून कमी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक एकतर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात, नाहीतर हळूच विचारतात, "त्या दिवशी जरा घेतली होती का?" घेतली नव्हती. भरदुपार होती, पोटात फक्त सकाळचा चहा होता, आणि मी निघालो होतो ते अगदी साध्या कामाला. एक फोटो काढायचा, एका बाईचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि वर्तमानपत्राचं पान लागायच्या आत परतायचं.

रस्ता रुंद होणार होता. त्यात जाणाऱ्या घरांवर मी बरेच दिवस लिहीत होतो, म्हणजे भिंतीवर डोकं आपटत होतो. दुसऱ्या दिवशी त्या रांगेतली शेवटची घरं पडणार होती. त्यातल्याच एका घरातून एका बाईंचा फोन आला होता. वडील बुकबाइंडर, आता अंथरुणाला खिळलेले. मुलगी तोच धंदा चालवते. "वडिलांना बाहेर काढता येत नाहीये, तुम्ही या," एवढंच तिने सांगितलं. मला वाटलं, म्हातारा अडून बसला असणार. म्हटलं शाबास, निदान एक तरी माणूस अडून बसला!

मूल्यांकन हा प्रकार ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. घर तुमचं, पण त्याची किंमत ठरवायला सरकारचा माणूस येतो. नाण्याने भिंत वाजवतो, फीत लावून खोल्या मोजतो, कौलं बघून तोंड वाकडं करतो. मग घसारा लावतो. म्हणजे तुम्ही त्या घरात जितकं जास्त जगलात तितकी त्याची किंमत कमी. ज्या उंबऱ्यावर तीन पिढ्यांचे पाय घासले गेले, तो कवडीमोल. ज्या घरात कोणी पाऊलच ठेवलं नाही, ते सगळ्यात महाग. यावर मी एक सणसणीत लेख लिहिला होता. तो कापून कुणीतरी वडे बांधून घेतले असतील, दुसरा उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक नियम आहे. जे भिंतीला किंवा जमिनीला जोडलेलं आहे ते 'बांधकामात धरतात', त्याचे पैसे घराबरोबर मिळतात आणि ते घराबरोबरच जातं. जे हलतं ते तुमचं, उचला आणि चालते व्हा.

गल्लीत शिरलो तेव्हा उन्हात धूळ नुसती तरंगत होती. दोन्ही बाजूंच्या घरांचे पुढचे भाग आधीच कापून नेलेले. कुणाचं अर्धं स्वयंपाकघर रस्त्यावर उघडं पडलेलं, कुणाच्या वरच्या मजल्यावर आरसा लटकत होता आणि त्याच्यासमोर उभं राहायला जमीनच नव्हती. जुन्या चुन्याचा, ओल्या विटांचा वास. कुत्रंसुद्धा नव्हतं. बाइंडरचं घर तेवढं सबंध उभं होतं, आणि ते सबंध असणंच त्या गल्लीत विचित्र दिसत होतं.

मी पुढच्या दाराची कडी वाजवणार, तेवढ्यात बाजूच्या बोळातून हाक आली.

"तिथून नको दादा. इकडून या, मागून."

बाई चाळिशी ओलांडलेली, हाताला खळ वाळून पापुद्रे सुटलेले. सगळी वस्ती तिला ताई म्हणायची, मीही तेच धरलं.

"पुढच्या दाराला काय झालं, ताई?"

"पुढचा भाग गेलाय."

"गेलाय? उभा तर आहे."

"कागदावर गेलाय."

आत गेल्यावर कळलं. मधल्या खोलीच्या दारातून, उंबऱ्याला लागून, फरशीवर एक जाड लाल रेघ ओढलेली होती. ती भिंतीवर चढून थेट आढ्यापर्यंत गेली होती. रेघेच्या अलीकडचं त्यांचं, पलीकडचं सरकारचं. ताबा घेतल्याचा पंचनामा कधीच झाला होता. फक्त पाडायचं बाकी होतं. पलीकडची खोली म्हणजे जुना बाइंडिंगचा कारखाना. मधोमध लोखंडी दाबयंत्र, जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेलं. त्याच्या शेजारी, दाराला लागून, खाट. खाटेवर म्हातारबाबा.

ते माझ्याकडेच बघत होते. फक्त डोळे हलत होते.

"यांना अजून तिथेच ठेवलंय? उद्या सकाळी पाडायचं मशीन येणार ना?"

"ठेवलेलं नाही दादा, निघत नाहीत."

"घर सोडणार नाही म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. झटका आल्यापासून वाचा गेली. पण त्यांना यायचंय. डोळ्यांनी सांगतात मला. आम्हालाच नेता येत नाही. रुग्णवाहिकेची माणसं येऊन गेली, एकाची कंबर धरली. मामा येऊन गेले, त्यांची दोन मुलं येऊन गेली. सगळे म्हणाले, जड आहेत. अहो, कसले जड? अंगावर मांस नाही त्यांच्या."

मला अशा वेळी बोलणाऱ्या बायकांचा राग येतो असं नाही, पण उगाच गूढ बोलणाऱ्या कुणाचाही येतो. म्हटलं, "माणूस आहे की सिमेंटची गोण! चला, मी खांद्याकडून धरतो, तुम्ही पाय धरा."

आम्ही उचललं. आणि खरंच, बाबा पिसासारखे हलके होते. मी तिच्याकडे 'बघा' अशा नजरेने पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती खाली रेघेकडे बघत होती.

मी पाठमोरा चालत रेघ ओलांडली. बाबांचं डोकं रेघेवर आलं आणि पुढे येईना. कुणी मागून ओढत होतं असं म्हणणार नाही. भिंत तुम्हाला ओढत नाही, ती फक्त हलत नाही. अगदी तसं. माझे दंड थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि आम्ही त्यांना कसंबसं परत खाटेवर ठेवलं. ठेवताना पुन्हा पिसासारखे.

मी त्यांचा हात हातात घेतला. पावसाळ्यात भिंतीला तळवा लावल्यावर लागतो तसा गार, खरबरीत. मी हात सोडला तर माझ्या बोटांना पांढरी पूड लागली होती. नाकाशी नेली. चुना.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. गालावरून उतरताना ते जिरत गेलं, जसं कोरड्या गिलाव्यात जिरतं.

"कधीपासून असं?" माझा आवाज आपोआप खाली आला होता.

"ते किंमत ठरवणारे साहेब येऊन गेले त्या दिवसापासून." ती रेघेच्या अलीकडे आली आणि मलाही तिने बाहीला धरून अलीकडे घेतलं. मग दबक्या आवाजात सांगू लागली. "साहेबांची पद्धत अशी, ते एकेक गोष्ट मोठ्याने बोलायचे आणि आतून त्यांचा लिपिक तेच म्हणून लिहून घ्यायचा. 'दाबयंत्र, जमिनीला बोल्ट, बांधकामात धरा.' की आतून, 'बांधकामात धरा.' सगळं झालं. मग मी विचारलं, साहेब, फीत लावायला खाट बाजूला करू का, बाबांना उचलायला दोघं लागतात. तर ते हसले. थट्टेने म्हणाले, 'राहू दे, यांनाही बांधकामातच धरा. हलत तर नाहीत.'"

"आणि आतून?"

"आतूनही आलं. 'बांधकामातच धरा.'"

मी मूल्यांकनाची नक्कल आधीच मिळवलेली होती, पिशवीतच होती. उघडून पाहिली. दाबयंत्र होतं, खुंट्या होत्या, कोनाडेसुद्धा होते. म्हातारबाबांबद्दल अक्षर नव्हतं. तीही तेच म्हणाली, कार्यालयात गेले तर म्हणतात, बाई, जे लिहिलंच नाही ते खोडायचं कसं?

आता मात्र माझं डोकं सटकलं. बाकी काही समजलं नाही तरी एवढं समजत होतं की एका आजारी माणसाची टिंगल करून अधिकारी चालता झाला आणि उद्या त्याच माणसाच्या अंगावर घर पाडणार. मी रेघ ओलांडून त्या खोलीत गेलो आणि नेहमीच्या सभेतल्या आवाजात म्हणालो, "हा उघड उघड दरोडा आहे!"

"...दरोडा आहे," कोणीतरी म्हणालं.

फार जवळून नाही. दाबयंत्राच्या पलीकडच्या कोपऱ्यातून, जिथे उजेड पोचत नव्हता. बारीक, गुळगुळीत, कंटाळलेला आवाज. लिहिताना माणूस स्वतःशी म्हणतो तसा. आणि त्याच्या मागोमाग निबाची करकर... मग एक टिपका टेकवल्यासारखी शांतता. खोलीत लवंगेचा वास पसरला.

मी कोपऱ्यात गेलो, हो, गेलो. तिथे रिकामं स्टूल होतं आणि भिंत.

"हळू बोला, दादा," ताई दारातून कुजबुजली. "तिथे बोललेलं लिहिलं जातं. त्या खुंटीवर माझी पिशवी दिसते? मी नुसतं म्हटलं होतं, राहू दे तिथे."

कापडी पिशवी होती, बंद खाली लोंबणारे. मी ओढली. हाताला कापड लागलंच नाही. घड्या दिसत होत्या, शिवण दिसत होती, पण सगळं गिलाव्यासारखं टणक.

तिथेच उभं राहून मी साहेबांना फोन लावला. म्हणजे तिथे नाही, अलीकडे येऊन लावला, खोटं कशाला बोलू. त्यांचा नंबर माझ्याकडे होताच. आमचं भांडण जुनं होतं. म्हटलं, "साहेब, ताबडतोब या. नाही आलात तर उद्या पहिल्या पानावर तुम्ही आणि फक्त तुम्ही."

मग ते म्हणाले, "बाइंडरचं घर ना? येतो."

मी खरा घाबरलो तो तेव्हा. इतक्या वर्षांत पहिल्या फोनला अधिकारी आल्याचं मला आठवत नाही.

ते आले तेव्हा ऊन कलत होतं आणि धुळीला तांबूस रंग चढला होता. ठेंगणे, टक्कल पडलेले, निवृत्तीला टेकलेले. उजव्या गुडघ्यातून जरा लंगडत होते. बोळातच थांबले, बूट काढले नाहीत, नमस्कार केला नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा:

"तो अजून लिहितोय का?"

"कोण?" मी विचारलं. "तुमचा लिपिक? त्यालाही घेऊन यायचं होतंत. दोघांची एकदमच खबर घेतली असती."

"तो नव्हता त्या दिवशी."

"होते की, साहेब!" ताई म्हणाली. "तुम्ही बोलत होता, ते मागोमाग म्हणत होते. मी त्यांच्यासाठीही चहा ठेवला होता. तुम्ही म्हणालात, एकच कप द्या. मला वाटलं त्यांना चालत नसेल."

"मी एकटाच आलो होतो, ताई. लिपिकाची जागा रिकामी आहे."

"बदली?"

"वारला."

मधल्या खोलीत येऊन ते पलंगाच्या कडेवर बसले, रेघेपासून जमेल तितके लांब. खाली बघत बोलू लागले. "आयुष्यभर मी बोलायचो, तो म्हणून दाखवायचा आणि लिहायचा. दाढ दुखायची त्याची, सारखी लवंग चघळायचा. तो गेला, पण माझी सवय सुटेना. रिकाम्या घरात एकटाच मोठ्याने बोलत फिरायचो. भिंत, वीट, चुना. बरं वाटायचं. मग एका घरात... मागून उत्तर आलं."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"काम बरोबर होत होतं."

"म्हणजे मेलेल्या माणसाला राबवून घेत होतात!" मला आवरेना. "जागा भरा म्हणून कधी अर्ज केलात? पगार तरी काढत होतात का त्याचा, की तोही घसाऱ्यात?"

साहेबांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. "अर्ज दर वर्षी केला. तुम्हीच एकदा छापला होतात. आतल्या पानावर."

मी हातातली नक्कल घडी करून ठेवली.

"थट्टा त्याला कळायची नाही," ते म्हणाले. "जिवंतपणीही कळली नाही कधी. मी बोललो आणि बोलल्याबरोबर जाणवलं मला. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. मला वाटलं, कागदावर तर काही आलेलं नाही..."

"ते नंतर बोला, साहेब," ताई म्हणाली. तिने त्यांच्यासमोर हात जोडले नव्हते. हात कमरेवर होते. "आधी बाबांना सोडवा. उद्या मशीन यायच्या आत. थट्टा तुम्ही केली, तुम्हीच निस्तरा."

ते उठले. रेघेपाशी आले, बुटाचं टोक रेघेवर ठेवलं, आणि नंतरच पाऊल पलीकडे टाकलं. मी दारात राहिलो. एक पाय मधल्या खोलीत, एक त्या खोलीत. कशासाठी म्हणाल, तर बाबा हलके झाले की लगेच खांद्याकडून धरता यावं म्हणून. ताई खाटेच्या पायथ्याशी गेली.

"लिहा," साहेब म्हणाले. आवाज एकदम बदलला, कार्यालयातला झाला. "म्हातारबाबा वगळा."

शांतता.

"बाइंडर. चुकून धरले गेले. वगळा."

निब वाजलं नाही. लवंगेचा वास मात्र दाट झाला, घशात बसला.

"खोडा रे!" साहेब ओरडले.

काही नाही. कुठेतरी गिलाव्याचा एक पोपडा सुटून पडला.

"तो खोडत नाही," साहेब आमच्याकडे न बघता म्हणाले. "तपासणीत खाडाखोड चालत नाही म्हणायचा. कधीच खोडलं नाही त्याने."

"मग चूक झाली तर काय करायचा?" मी विचारलं.

"एक काढायचं तर त्या जागी तेवढंच दुसरं दाखवायचं. मेळ बसला पाहिजे."

सगळं नीट समजायच्या आधीच ताई बोलली. "माझं कपाट धरा."

"...कपाट. एक." करकर.

मधल्या खोलीत तिचं लोखंडी कपाट कट्ट करून वाजलं, जमिनीत काहीतरी रुतल्यासारखं.

"शिवणयंत्र धरा. आईची पेटी धरा. पलंग धरा..."

"...शिवणयंत्र. एक... पेटी. एक..."

"ताई, थांबा!" मी ओरडलो. "तो सगळं घेतोय आणि देत काहीच नाहीये!"

ती थांबली. बाबांच्या पावलांना तिने हात लावून पाहिला आणि मान हलवली. तशीच थंड. तिथे आम्ही तिघं उभे, उजेड वितळत चाललेला, आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोणीतरी वाट बघतंय हे न बघताही कळत होतं. सवय असलेला माणूस बघतो तशी वाट, हातात टाक धरून, पुढचं वाक्य येण्याची.

ताईने श्वास घेतला. ती काय बोलणार हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. साहेबांनाही दिसलं असणार, कारण त्यांनी तिच्याआधी तोंड उघडलं.

"लिहा," ते म्हणाले. "माणूस. एक."

"...माणूस. एक."

"सरकारी. बांधकाम जुनं. छप्पर गेलेलं." त्यांनी टकलावरून हात फिरवला. दुसरीकडे कुठे असतं तर मी हसलो असतो. "उजव्या गुडघ्याला दुरुस्ती. आतली जोडणी दोनदा काढून परत बसवलेली, छातीतली."

"...छातीतली."

"साहेब, काय करताय?" मी म्हणालो. "अहो, हे थांबवा. आपण सकाळी लोक जमवू, मी मशीनपुढे आडवा पडतो..."

त्यांनी माझ्याकडे बघून नुसता हात वर केला. मध्ये बोलणाऱ्या मालकाला गप्प करतात तसा. इतक्या घरांत इतक्या लोकांना त्यांनी तसंच गप्प केलं असणार.

"राहणारं कोणी नाही," ते पुढे म्हणाले. "बायको गेली. मुलगा असतो, पण लांब. वहिवाट नाही."

"...वहिवाट नाही."

"घसारा..." इथे ते अडखळले. इतरांच्या घरांना जो आकडा ते झटक्यात सांगायचे, तो त्यांच्या तोंडून निघेना. "घसारा... बराच."

"...बराच."

त्यांनी पुढे होऊन दाबयंत्रावर तळवा ठेवला, खांद्याने शेजारच्या भिंतीला टेकले आणि अगदी हळू म्हणाले, "स्थिर. बांधकामात... धरा."

करकर बराच वेळ चालली. मग बाबांचा खांदा माझ्या हाताखाली ऊबदार झाला. मी सांगतो, शपथेवर सांगतो, थंड भिंतीला एकदम नाडी लागली. "ओढा!" मी ओरडलो. ताईने पाय उचलले, मी खांदे, आणि म्हातारा रेघेवरून असा सरकत आला जसा कागदाच्या गठ्ठ्यातून एक पान. त्यांच्या घशातून आवाज निघाला. लहान मुलासारखा.

आम्ही त्यांना मधल्या खोलीत जमिनीवर टेकवलं. माझा डावा पाय अजून दारापलीकडे होता.

तेव्हा तो आवाज पुन्हा आला. आतापर्यंत तो फक्त आमचेच शब्द म्हणत होता. हे शब्द आमच्यापैकी कुणाचे नव्हते.

"साहेब..." तो म्हणाला. "मेळ बसत नाही..."

निब पुन्हा टेकल्याचा आवाज आला.

"...थोडं कमी पडतंय."

साहेबांची मान अगदी सावकाश, दगडावर दगड घासल्यासारखा आवाज करत, माझ्या बाजूला वळली. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. खाली होती.

"पाय..." ते म्हणाले. ओठ नीट हललेही नाहीत. "उचला..."

मी उचलला. लगेच उचलला.

नंतर आम्ही त्यांना हाका मारल्या. ताईने मारल्या, मी मारल्या, आवाज बसेपर्यंत. कंदील रेघेपर्यंत नेला. भिंतीला टेकलेली पाठ दिसत होती, तळवा यंत्रावर. आत जायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. आधी त्या दारात उभे राहा, मग म्हणा. चौकीवर गेलो, तिथल्या हवालदाराने मला पाणी पाजलं आणि घरी जायला सांगितलं.

सकाळी मी मशीनपुढे उभा राहिलो. आत माणूस आहे, माणूस आहे, म्हणून गळा फाडला. शेवटी बंदोबस्तवाले आत गेले, त्यांच्याबरोबर मशीन चालवणाराही गेला. बाहेर येऊन त्याने हात झटकले, तळव्यांवर पांढरी पूड होती.

"कोणी नाही आत," तो म्हणाला. "खाट आहे, यंत्र आहे. त्या कोपऱ्यात भिंत जरा जाड आहे, बस."

"आधी तशी होती का?" मी त्याचा दंड धरला. "विचारा या बाईंना, होती का तशी?"

"अहो काका, मला कसं माहीत? मी काय इथे राहायला होतो?"

भिंत पडताना मी कान बंद केले नाहीत. करायला हवे होते.

कार्यालयाने साहेबांना 'विनापरवानगी गैरहजर' ठरवलं. मी जे घडलं ते सगळं लिहून दिलं. छापून आलं ते चार ओळींत, अधिकारी बेपत्ता म्हणून. माहिती मागवली तर उत्तर मिळालं की त्या शाखेत आता दोन जागा रिकाम्या आहेत आणि भरतीची प्रक्रिया विचाराधीन आहे. तरीही अहवाल मात्र वेळेवर जातात, असं तिथला शिपाई मला म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर इकडेतिकडे बघून निघून गेला.

म्हातारबाबा सुधारले. ताईने पलीकडच्या पेठेत खोली घेतली आहे, अगदी लहान. बाबा आता चमचा धरतात, दोन-चार शब्द बोलतात. त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत. फक्त खुर्ची नेहमी खोलीच्या मधोमध मांडायला लावतात, आणि कितीही थकले तरी भिंतीला टेकत नाहीत.

आता तिथून रुंद रस्ता जातो. मी रोज त्याच रस्त्याने ये-जा करायचो, कारण दुसरा लांब पडतो आणि मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. मधल्या दुभाजकावर झुडपं लावली आहेत. संध्याकाळी टँकर येतो, झुडपांना आणि रस्त्यालाही पाणी मारत जातो. सगळा डांबरी रस्ता काळाभोर भिजतो. त्या जागी दोन ठिपके कोरडे राहतात. ठिपके कसले, पावलं. शेजारी शेजारी, उजव्यावर भार कमी असलेली. गाड्या त्यांना वळसा घालून जातात. चालकांना विचारलं तर म्हणतात, खड्डा असेल असं वाटलं. खड्डा नाही. मी हाताने चाचपून पाहिलंय.

मागच्या आठवड्यात टँकर जाऊन गेला होता आणि मी तिथेच सिग्नलला उभा होतो. त्या दोन पावलांपासून हातभर अंतरावर तिसरं कोरडं पाऊल होतं. एकटं. डाव्या पायाचं. अजून पुरतं उमटलेलं नव्हतं, नुसती टाच आणि तळव्याची कड, आणि ती टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली.

मी लांबच्या रस्त्याने घरी आलो. बूट दाराबाहेर काढले. ते अजून तिथेच आहेत. उलटे करून टाचा बघायला माझा हात धजलेला नाही.